कोणाच्या हातचं

धान कापून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पसरलं की दोन-तीन दिवस त्याला ऊन पाहिजे. तेवढंच, जास्त काही मागणं नाही. आणि नेमक्या त्याच दोन-तीन दिवसांत आमच्या सौंदडकडचं आभाळ असं वागतं, की वर बसून कोणीतरी आमची मजा पाहून राहिलंय. काल संध्याकाळपासून देवरीकडच्या जंगलावर राखेच्या रंगाचा एक ढग येऊन बसलाय. गरजत नाही, सरकत नाही. चहा झाल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा बसून आहे. आई दर पाच मिनिटांनी बाहेर येते, त्याच्याकडे पाहते, आत जाते. मी आईकडे पाहतो. आणि मला मागलं वर्ष आठवतं.

कापलेल्या धानाचा वास लोकांना आवडतो. ओलसर, गोडसर, मधूनच धुळीचा. पुण्याचे माझे मित्र त्या वासाचं नाव काढलं तरी डोळे मिटतात. माझे डोळे उघडतात. मला त्या वासाबरोबर इंटरव्ह्यू आठवतो, लॅपटॉपच्या पंख्याची घरघर आठवते. कारण मागल्या वर्षी याच दिवसांत युरोपातल्या एका विद्यापीठात पीएचडीच्या जागेसाठी शेवटच्या यादीत माझं नाव लागलं होतं. विषय, जुन्या ग्रीक लोकांची मातीची भांडी आणि त्यांच्यावरची चित्रं. जागा एक. ती मिळाली तर माझं आयुष्य त्या भांड्यांत जाणार होतं. नाही मिळाली तर कशात जाणार होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं, मला तर अजिबात नाही.

आता सौंदडचा पोरगा त्या भांड्यांत कसा पडला, हे सांगायला पाहिजे.

मी मूळचा नकल्या. शाळेत आमचे गणिताचे सर पट्टी उचलायच्या आधी नाक ओढायचे. दोनदा. पहिल्यांदा लांब, दुसऱ्यांदा तुटक. बाकीची पोरं सरांची नक्कल करायची तर जाड आवाज काढायची. मी फक्त नाक ओढायचो आणि अख्खा वर्ग बाकांखाली जायचा. तेव्हाच मला समजलं की माणूस त्याच्या आवाजात नसतो, तो असल्या बारीकसारीक जागांत लपलेला असतो, जिकडे त्याचं स्वतःचं लक्ष नसतं. एकदा मी फळ्यासमोर उभा राहून असं नाक ओढत असताना मागून खरं नाक ओढल्याचा आवाज आला. लांब. मग तुटक. पुढचं सांगत नाही.

गोंदियात बीए केलं, मग पुण्याला पुरातत्त्वात एमए. तिथं पहिले सहा महिने मी तोंडच उघडलं नाही. उघडलं की पोरं म्हणायची, 'परत बोल ना, काय भारी बोलतोस!' म्हणून मी त्यांच्यासारखं बोलायला शिकलो. पंधरा दिवस लागले. आजही कोणी पुण्याचं भेटलं की माझी जीभ आपोआप इस्त्री केल्यासारखी होते.

त्याच दिवसांत लायब्ररीत एक मोठं जुनं पुस्तक हाती आलं. लाल मातीचे प्याले, त्यावर काळ्या रंगात माणसं, घोडे, बोकड, दाढीवाले देव. खाली लिहिलं होतं की बहुतेक भांड्यांवर चितारी आपलं नाव घालत नाही. मग तो कोण हे ओळखायचं कसं? कानावरून. तो कान कसा काढतो, घोट्याची रेघ कुठं मोडतो, कपड्याच्या चुण्या कशा घालतो, यावरून. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेला, नाव नसलेला माणूस, आणि त्याला अभ्यासक कानाच्या पाळीवरून पकडतात. पकडला की त्याला एखादं नाव देतात, ज्या गावच्या म्युझियममध्ये त्याचं भांडं आहे त्या गावाचं, नाहीतर त्याच्या एखाद्या चित्रावरून. मी पुस्तक मिटलं. हे तर माझंच काम! मी इतकी वर्षं जिवंत माणसांवर करत होतो, ते ही मंडळी मेलेल्यांवर करतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी शांतपणे विचारलं, "आपल्या इकडं जमिनीतून काही निघत नाही का गा?"

"निघते ना."

"मंग तेच पाह्य ना. घरून डबा नेता येईन."

शांतामावशी म्हणजे आमच्या शेजारची. दरवर्षी कापणीला आमच्या बांधीत येते आणि तिचं तोंड विळ्याच्या पुढं चालतं. ती म्हणाली, "तिकडची भांडी पाह्याले इतकं शिकावं लागते? घरची त कधी घासली नाई यानं."

यावर मी हसलो, पण बोललेलं लागलं. कारण माझ्या धंद्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तिनं सहज उघडी पाडली होती. मी आजवर एकही ग्रीक भांडं हातात घेतलेलं नाही. मी फोटो पाहतो. मोठे करून पाहतो, फाटेस्तोवर मोठे करतो. भांडं उचललं तर केवढं जड लागतं, टिचकी मारली तर कसं वाजतं, आतून बोटांच्या रेघा कशा लागतात, काही माहीत नाही. माझ्या वयाचे तिकडचे लोक शाळेच्या सहलीत ते पाहून कंटाळलेले असतात. मी कंटाळायला तरी कधी जाणार, याच काळजीत असतो.

तर मागल्या वर्षी अर्जाबरोबर एक मोठा लेख पाठवायचा होता. मी पाठवला. दोन प्याले घेतले होते. एक ग्रीसमधल्या म्युझियममधला, सगळ्यांना माहीत असलेला. दुसरा दुसऱ्याच देशातल्या एका लहानशा म्युझियममधला, ज्याच्याकडे फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. माझं म्हणणं असं की दोन्ही एकाच चिताऱ्याच्या हातचे. तोच कान, तीच घोट्याची तुटकी रेघ, माणसाच्या मांडीवरचा तोच उगाच घातलेला जादा वाक. तो वाक तर माझा जीव की प्राण. सरांच्या नाक ओढण्यासारखा. लेख गेला, आवडला, बोलावणं आलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या होत्या तिथल्या प्राध्यापक बाई, ज्यांची रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकून ऐकून मी इंग्रजी बोलायला शिकलो होतो.

त्या बाई बोलता बोलता चष्मा काढायच्या, दांडी हनुवटीला टेकवायच्या, थांबायच्या. एवढं थांबायच्या की नेट गेलं असं वाटायचं. मग वाक्य सोडायच्या, शेवटाला हळूहळू खाली उतरणारं, पायरी पायरीनं. मला ते सगळं आलं होतं. इंटरव्ह्यूची तयारी म्हणून मी बांधीत, कापता कापता, त्याच आवाजात उत्तरं म्हणायचो.

"अगा, आज मॅडमचं नाई केलं?" शांतामावशी दुसऱ्या टोकावरून ओरडायची.

मग मी विळ्याची मूठ हनुवटीला लावून इंग्रजीत चार वाक्यं सोडायचो. बायका हसून खाली बसायच्या. त्यांना एक शब्द समजत नव्हता, पण बाई बरोबर समजल्या होत्या.

"मोठ्या घरची आहे," मावशी म्हणायची. "पण कंबर दुखते तिची. पाह्य ना कशी थांबून थांबून बोलते."

"बस झालं आता," आई म्हणायची. "हात चालव. आभाळ आलं."

आभाळ रोज यायचं. सकाळी निरभ्र, दुपारी कापूस, चार वाजता काळजी. फोनवर हवामान पाहायचं तर एक ॲप म्हणे पाऊस, दुसरं म्हणे ऊन, आणि बाबा दोन्ही न पाहता म्हणायचे, "येईन." इकडे इंटरव्ह्यूला आठ दिवस. मी झोपेत इंग्रजीत बरळायचो म्हणे, आणि तेही बाईंच्या आवाजात.

कापलेलं धान आम्ही मुठीमुठीनं ओळीत आडवं ठेवतो, सुकायला. त्याला कडपा म्हणतात. चार-पाच जणं कापत असली की संध्याकाळी सगळी बांधी सारखीच दिसते, निदान मला. आईला नाही दिसत. ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत जाते आणि सांगत जाते. हे शांताचं, तिची मूठ लहान. हे तुह्या बाबाचं, बुडखा वाकडा. हे तुह्यं, हे त कुत्रंही सांगन. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तिला ते काही विशेष वाटत नाही आणि आम्हालाही वाटत नव्हतं.

त्या दिवशी मला काय लहर आली! डोक्यात भीती जास्त झाली की मी चेष्टा करतो, हा माझा जुना रोग. आई घरी चहा आणायला गेली होती. मी तिच्या ओळीशेजारची ओळ घेतली आणि हुबेहूब तिच्यासारखी कापली. मूठ तिच्यासारखी भरदार, कडपा जराशी तिरपी, ओंब्या एका बाजूला झुकलेल्या. आणि तिची खास खूण, ओळीच्या शेवटच्या दोन मुठी ती जरा वरून कापते, खाली धसकट उंच राहतं. तेही केलं. तीन ओळी केल्या. मावशीला दाखवलं. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "आता पाह्य, कशी फसते तुही माय."

आई किटली घेऊन आली. धुऱ्यावरून चालली. त्या तीन ओळींपाशी थांबली. मी श्वास धरून.

"हे तू कापलं," ती म्हणाली. "माह्यावानी."

"कसं समजलं?"

"मी इतकं चांगलं नाई कापत."

मावशी हसून हसून आडवी झाली. मी पण हसलो. मग विचारलं, "पण शेवटी धसकट उंच ठेवलं ना मी, तुह्यासारखं?"

"तिन्ही ओळीत ठेवलं," आई किटली खाली ठेवत म्हणाली. "माही कंबर काय हरेक ओळीत दुखते? दुखली का ठेवतो, नाई दुखली का नाई. तू त एकही जागा सोडली नाई."

चहा हातात घेतला आणि मला माझे ते दोन प्याले आठवले. मांडीवरचा तो जादा वाक. पहिल्या प्याल्यावर सात माणसं होती आणि वाक चौघांना होता. दुसऱ्यावर पाच माणसं. पाचांनाही होता.

मी चहा तसाच ठेवून घरी पळालो. लॅपटॉप उघडला. पहिला प्याला. पाहतो तर तो माणूस, माझा चितारी, कंटाळलेला होता. एका कोपऱ्यातला कान त्यानं नुसता एका फटक्यात मारून नेला होता. एका माणसाच्या पायाची बोटंच काढली नव्हती. दुसरा प्याला. प्रत्येक कान नीट. प्रत्येक घोटा तुटका, पण नीट तुटका. कुठं घाई नाही, कुठं कंटाळा नाही, कंबर कुठंच दुखलेली नाही. दोन वर्षं मी ज्याला त्याच हातचा पुरावा म्हणत होतो, तोच सांगत होता की हा हात दुसऱ्याचा. कोणीतरी, खूप नंतर, माझ्या चिताऱ्याची नक्कल केली होती. आणि नकल्या म्हणवणारा मी, तिला फसलो होतो. त्यावर लेख लिहून, पाठवून, त्याच्या जोरावर यादीत नाव लावून मोकळा झालो होतो.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. विळ्यानं अंगठा कापला, त्याचं रक्त बंद होईना. ढग यायचे, जायचे. मी मनात दोन माणसं बोलवायचो, एक म्हणायचा गप्प बस, दुसरा म्हणायचा सांगून टाक, आणि दोघंही बाईंच्या आवाजात बोलायचे.

बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यायले समजलं का?"

"नाही अजून."

"मंग चूप राय ना. जागा भेटली का मंग सांगजो सावकाश."

आईला सांगितलं तेव्हा ती सुपानं तांदूळ पाखडत होती. "मंग तुले नाई घेणार?"

"नाही घेणार बहुतेक."

तिचं सूप थांबलं. मग परत हललं. "दुसरं कोणतं चांगलं लिवलं नाई का तू?" एवढंच म्हणाली. नव्हतं ना. तेच तर एक होतं.

इंटरव्ह्यू गोंदियाजवळच्या फुलचूरला मीनाताईकडे दिला, म्हणजे माझ्या मावसबहिणीकडे, कारण तिथं नेट बरं. ताईनं दुपारपासून घरात संचारबंदी लावली. कुकर बंद, मिक्सर बंद, पोरीला शेजारी पाठवलं. ऐन वेळी गल्लीत भाजीवाला ओरडला तर ताई खिडकीतून त्याच्यावर खेकसली, "भैया, आवाज कम करो, अंदर परीक्षा चालू है!" तो बिचारा पुढच्या वळणापर्यंत खाणाखुणा करून भेंडी विकत गेला.

स्क्रीनवर बाई आणि आणखी दोघं. माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं आणि मलाच ऐकू आलं. तो बाईंचा आवाज होता. तेच थांबणं, तोच उतार. मी बदलायचा प्रयत्न केला, जमेना. दुसरं इंग्रजी माझ्याकडे होतंच कुठं! मी बाईंशी बाईंच्याच आवाजात बोलत होतो, आणि कोपऱ्यातल्या चौकटीतला टकलू गृहस्थ मान खाली घालून हसू दाबत होता. बाईंना समजलं की नाही, देव जाणे. मनात म्हटलं, इथंच संपलं, आता प्याल्यांचा प्रश्नच येणार नाही.

आला. बाईंनी चष्मा काढला, दांडी हनुवटीला लावली आणि विचारलं, "दोन्ही प्याले एकाच हातचे आहेत याची तुला किती खात्री आहे?"

मी तोंड उघडलं. 'आपण चुकलो' हे त्या कसं म्हणतात, ते मी कुठल्याच भाषणात ऐकलेलं नव्हतं. नक्कल करायला समोर काही नव्हतंच. मग जे निघालं ते गोंदियाचं इंग्रजी. तुटकं, घाईचं, क्रियापदं इकडची तिकडे. मॅडम, आय वॉज राँग. दुसरा प्याला नकली आहे. मला आठ दिवसांपूर्वी समजलं. मी कळवायला पाहिजे होतं, भीतीनं नाही कळवलं.

तिकडे कोणी हललं नाही. मला खरंच वाटलं नेट गेलं.

"कसं समजलं?" बाईंनी विचारलं.

मग मी धानाचं सांगितलं. कडपा, धसकट, आईची कंबर. आई जे म्हणाली त्याचं इंग्रजी जमेल तसं केलं, की मी इतकं चांगलं कापत नाही. टकलू गृहस्थ आता हसत नव्हता. त्यानं ते वाक्य परत म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. बाईंनी चष्मा परत घातला. कळवू म्हणाल्या. स्क्रीन काळी झाली. ताईनं दार उघडून विचारलं, "झालं? कुकर लावू?"

त्यानंतरचे दिवस म्हणजे वाट पाहण्याचे. फोन वाजला की मी झडप घालायचो. कंपनीचे मेसेज, सेलचे मेसेज, गॅस सिलेंडरचे मेसेज. जगातल्या सगळ्यांना माझ्याशी बोलायचं होतं, त्या एका विद्यापीठाला सोडून.

आणि मग तो दिवस. शेवटच्या बांधीतल्या कडपा सुकल्या होत्या, भारे बांधून झाले होते, आणि तीन वाजता पूर्वेकडून काळं उठलं. या वेळी शंकेला जागा नव्हती. आता सगळे भारे एका जागी आणून पुंजणं रचायचं, म्हणजे भाऱ्यांची गोल, उंच रास. ओंब्या आत, बुडखे बाहेर, म्हणजे पाऊस आला तरी बाहेरून निथळून जातो. वर एक जण उभा राहून रचतो, खालून बाकीचे भारे फेकतात. वर मी होतो, कारण मी हलका. वरच्या माणसानं मध्येच थांबायचं नसतं. एक भारा जरी वाकडा बसला तर पाणी आत शिरतं आणि सगळं धान काळं पडतं.

पुंजणं माझ्या उंचीच्या वर गेलं तेव्हा खिशात फोन थरथरला. मी हात घातला.

"फोन ठेव!" आई खालून ओरडली.

"आई, मेल असंन."

"मेल कुठं जाते का पळून? पाऊस येऊन राहिला!"

भारा आला. झेलला, ठेवला, पायानं दाबला. दुसरा आला. वारं सुटलं, धुळीचा वास आला, मावशी भारा फेकता फेकता म्हणाली, "पायानं दाब नीट, मन कुठं आहे तुह्यं?" माझं मन मांडीपाशी होतं, खिशात. सगळ्या आयुष्याचं उत्तर माझ्या मांडीला लागून गरम झालं होतं, आणि मी गोल गोल फिरत धान रचत होतो. ओंब्या आत. बुडखे बाहेर. किती वेळ ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्या वेळेत मी एकही भारा वाकडा ठेवला नाही. भीतीनं माणूस काय नीट काम करतो!

शेवटचा थर झाला. ताडपत्री वर आली, ओढली, दोऱ्या खाली सोडल्या. पहिले थेंब ताडपत्रीवर टपटपले. मी वरच बसलो आणि फोन काढला.

निवड झाली नव्हती. समितीच्या नावानं छापील पत्र होतं. ज्या लेखावर अर्ज उभा आहे त्याचा मुख्य दावाच उरला नसल्यानं जागा देता येत नाही, वगैरे. त्याखाली बाईंनी वेगळ्या दोन ओळी लिहिल्या होत्या. तुझा पाडलेला लेख मला नको. तो कसा पडला, हे लिहून पुढच्या वर्षी परत अर्ज कर.

खाली सगळे मान वर करून उभे होते. बाबा, आई, मावशी. तोंडावर पाऊस.

"नाई झालं," मी म्हटलं.

बाबांनी ताडपत्रीची दोरी ओढून बांधली. मग आई म्हणाली, "मंग उतर. भिजशीन."

त्या वाक्यावर मी वर्षभर विचार केलाय. तिनं समजूत घातली असती तर मी रडलो असतो. ती म्हणाली उतर, म्हणून मी उतरलो. एवढंच सोपं होतं ते, आणि एवढंच माझ्याच्यानं होत नव्हतं.

वर्षभर मी माझ्याच विरुद्ध लेख लिहिला. त्यात नकली प्याल्याचे पाच वाक आहेत आणि खऱ्याचे चार. काढायला विसरलेली बोटं आहेत. मी नकल्या असून का फसलो, ते पण आहे. नकल्याला समोरच्याची लकब एकदा सापडली की तो इतका खूश होतो, की तिच्यापलीकडचा माणूस त्याला दिसतच नाही. तोही थकतो, विसरतो, त्यालाही घरी जायची घाई असते. सरसुद्धा कधीकधी नाक न ओढता मारायचे, हे मला हा लेख लिहिताना आठवलं. पुण्यातून, गोंदियातून, इथून, ओसरीवर बसून लिहिला. पूर्ण झाला त्या दिवशी वाटलं की परत कुठंतरी चुकलोय, अजूनही रोज वाटतं. या धंद्यात ते बहुतेक जातच नसावं. उद्या मी खरंच अभ्यासक झालो, तर लोक मला फोटो पाठवून विचारतील, कोणाच्या हातचं? आणि मी एक नाव घेईन, आणि तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस उठून सांगायला येणार नाही की बाबा, मी नव्हे.

या वर्षी तोच लेख जोडून परत अर्ज केला, आणि बोलावणं गुरुवारचं आहे, दुपारी चारला. आणि सगळी ॲपं, आयुष्यात पहिल्यांदाच, एकमेकांशी सहमत आहेत. गुरुवारी दुपारी पाऊस. बाबाही म्हणाले, "येईन." म्हणजे पुंजणं गुरुवारीच रचायला लागणार, त्याच वेळी. बाबांचा खांदा उन्हाळ्यापासून वर जात नाही. मावशी वर चढत नाही.

"तू जाय मीनाकडे," आई काल म्हणाली. "वर मी चढतो."

"तुही कंबर?"

"गुरुवारी नाई दुखणार."

हे ती अशा चेहऱ्यानं म्हणाली की मला समजेना, हसू की काय करू. रात्रभर डोळ्यांसमोर आई पुंजण्यावर उभी, वारा सुटलेला, आणि मी फुलचूरला लॅपटॉपसमोर बसून चितारी किती थकला होता ते सांगतोय. सकाळी उठलो आणि बाईंना मेल लिहिला. आधी त्यांच्यासारखा लिहिला, मग खोडला. मग आमच्यासारखा लिहिला. मॅडम, गुरुवारी पाऊस आला तर मी धानाच्या राशीवर असेन. वरचं काम मीच करतो. वेळ बदलता येईल का? आणि विचार करायच्या आत पाठवून दिला. पाठवल्यावर मात्र परत वाचला. एका जागेसाठी जगभरातून लोक लागलेत, आणि हा माणूस म्हणतो मला त्या दिवशी वेळ नाही.

दुपारपर्यंत काही नाही. ढग तिथंच. आई दोनदा बाहेर आली, मी दहादा फोन पाहिला. मग आला.

एवढंच होतं त्यात. शुक्रवारी, हीच वेळ. ती रास किती उंच असते?

मी बाहेर जाऊन बांधीकडे पाहिलं. कडपा अजून पसरलेल्याच होत्या, एका टोकाला आई वाकून एक मूठ उचलून सुकली का ते पाहत होती. मी तिथंच उभ्यानं उत्तर लिहिलं. अजून रचली नाही, मॅडम. रचली की सांगतो.